पंख्याची वीज आणि कुकरचा गॅस

महोदय,

वीजबिल वाढले की आपण दरवाढीची तक्रार करतो आणि ती रास्तही असते. परंतु घरातले जुने पंखे किती वीज घेतात, हे मात्र आपण क्वचितच तपासतो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये जवळपास तेवढाच वारा देतो. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. तीन पंख्यांच्या घरात ही बचत ४८ युनिटांवर जाते. राज्यातील बरीचशी वीज अजूनही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होते, त्यामुळे आपली उधळपट्टी तेथील रहिवाशांच्या श्वासात उतरते, आणि मला ही बाब बिलापेक्षाही मोठी वाटते.

नवा पंखा सर्वांना लगेच परवडणार नाही, हे मान्य आहे. मात्र गॅस वाचवण्यासाठी डाळ आधी भिजवून ठेवणे, वरण-भाताचे डबे एकाच कुकरमध्ये लावणे आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करणे, यांना एक पैसाही लागत नाही.

महावितरणने पंख्यांची ही तुलना प्रत्येक बिलाच्या मागे ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक गृहिणी, सातारा