एकच अपरकट, दोनदा

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीतल्या मित्राची आई गेली, तेरावं उरकून तो लगेच कॅम्पला परतला आणि आता जो तो त्याला 'आईसाठी मेडल आण' म्हणतोय, असं तू लिहिलंस. खाली विचारलंस, दुःखात बॉक्सर खरंच जास्त जोरात मारतो का? मेसेजच्या दोन ओळींत हे मावणार नाही, म्हणून पत्र. तू सुपर हेवीवेटचा, तेव्हा उदाहरणंही तुझ्याच वजनाची देते.

'आईसाठी' म्हटलं की सगळे एकाच लढतीचा दाखला देतात. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम. एका बाजूला माइक टायसन, ३७ लढती आणि ३७ विजय. दुसऱ्या बाजूला जेम्स 'बस्टर' डग्लस, ज्याच्यावर लास वेगासच्या मिराज कॅसिनोत ४२ ला १ असा भाव लागला होता. डग्लसची आई लूला पर्ल १८ जानेवारीला गेली, म्हणजे लढतीला जेमतेम साडेतीन आठवडे राहिले असताना. तो तरीही उतरला, दहाव्या राऊंडमध्ये टायसनला नॉकआउट केलं, आणि लगेचच्या मुलाखतीत आईचं नाव घेताना त्याला रडू आवरेना. गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते.

आता तीच लढत आवाज बंद करून बघ. समालोचक गप्प झाला की तुला राग कुठेच दिसणार नाही. रागावलेला बॉक्सर लगेच कळतो: खांदे कानाशी जातात, हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे, लांबून येतात, श्वास कोंडला जातो आणि दुसऱ्या राऊंडच्या शेवटी तोंड उघडं पडतं. डग्लसचं यातलं काहीही झालेलं नाही. पुढच्या हाताचा सरळ जॅब, पुन्हा जॅब, मागून उजवा, मग बाजूला सरकणं किंवा मिठी. जॅब मारला की हात सरळ हनुवटीशी परत. त्याच्या हातांचा पल्ला २११ सेंटीमीटर, टायसनचा १८०. म्हणजे फूटभराचा फरक. टायसनला त्या जॅबच्या खालून आत शिरल्याशिवाय मारताच येणार नव्हतं, आणि डग्लसने त्याला ते दार बहुतेक वेळ उघडून दिलंच नाही. हा जॅब काही साडेतीन आठवड्यांत आलेला नव्हता. बाप बिली डग्लस स्वतः व्यावसायिक बॉक्सर, त्यामुळे घरातच शिक्षण झालेलं.

मग दुःखाने केलं काय? १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध हाच डग्लस, हीच उंची, हाच जॅब. चांगला चाललेला असताना दहाव्या राऊंडमध्ये ढेपाळला आणि रेफ्रीने लढत थांबवली. मधेच मन काढून घेतो, असं त्याच्याबद्दल उघड बोललं जायचं. आणि टायसनसमोर तर माणसं ड्रेसिंग रूममध्येच हरायची. मायकल स्पिंक्ससारखा अजिंक्य माणूस १९८८ मध्ये ९१ सेकंदांत गेला. माझ्या मते आई गेल्यावर डग्लसची ती भीती गेली. सर्वांत वाईट जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ठोशात जोर आला नाही. जो होता तो अडवणारा ब्रेक निघाला.

हे कुठे दिसतं सांगू? आठव्या राऊंडच्या अगदी शेवटी. टायसनचा खालून वर येणारा उजवा अपरकट बसतो आणि डग्लस पाठीवर पडतो. पडल्या पडल्या तो मुठीने मॅटवर एक गुद्दा घालतो. स्वतःवर चिडलाय, म्हणजे शुद्ध जागेवर आहे. मग कोपरावर टेकून रेफ्री ऑक्टाव्हियो मेरानची बोटं बघत राहतो आणि नऊला उठतो. वेळाधिकाऱ्याचा आकडा आणि रेफ्रीचा आकडा जुळत नव्हता, त्यावरून टायसनचा प्रमोटर डॉन किंगने नंतर इतका गोंधळ घातला की दोन संघटनांनी निकाल काही दिवस अडकवून ठेवला. पण बॉक्सरने रेफ्रीचाच आकडा ऐकायचा असतो. तुमच्या हौशी बॉक्सिंगमध्ये तर तू तिसऱ्याला उठलास तरी रेफ्री आठपर्यंत मोजणारच. मग लाजेने उडी मारून उठण्यात काय मिळतं? पाय लटपटतात आणि रेफ्री तेच बघत असतो. एका गुडघ्यावर थांब, दोनदा नाकाने श्वास घे, कॉर्नरमधल्या आपल्या माणसांकडे बघ, सहा-सातला ऊठ. मित्रालाही हे सांग. शोकातला मुलगा पडला की 'मी पडलोच नाही' हे दाखवायला सर्वांत घाईने उठतो.

दहाव्या राऊंडमध्ये डग्लस दोन-चार जॅबनी टायसनचं डोकं जागेवर आणतो, गार्ड किंचित पुढे येतो, आणि मधून उजवा अपरकट वर येतो. मान मागे झटकते. मागोमाग डावा, उजवा, डावा. टायसन व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा पडतो आणि रांगत माऊथगार्ड शोधतो. त्याचं एक टोक दातांत, बाकीचं बाहेर.

हा अपरकट लक्षात ठेव, कारण साडेआठ महिन्यांनी तो परत येतो. २५ ऑक्टोबर १९९०, लास वेगास, समोर इव्हँडर होलीफिल्ड. टोकियोत २३१.५ पौंडांचा डग्लस इथे २४६ पौंडांचा, म्हणजे साडेसहा किलो जास्त, आणि ते कंबरेवर दिसत होते. या लढतीचे त्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर मिळणार होते. तिसऱ्या राऊंडमध्ये तो तोच उजवा अपरकट काढतो, पण लांबून, आणि वाट करून देणारा जॅब न मारता. हात खालून निघतो तेव्हा हनुवटी उघडी. होलीफिल्ड अर्धं पाऊल मागे घेतो आणि सरळ उजवा मारतो. संपलं. तोच माणूस, तोच ठोसा. फक्त मधला जॅब गायब, कारण जॅब रोजच्या सरावातून येतो आणि त्या आठ महिन्यांतला सराव वजनकाट्यावरच दिसत होता. पुढे वजन चारशे पौंडांच्या आसपास गेलं आणि १९९४ मध्ये मधुमेहामुळे तो कोमात गेला. त्यातून सावरून १९९६ मध्ये परत खेळला, हे मला किताबाइतकंच मोठं वाटतं. पण 'आईसाठी' एक लढत होते; दुसरीच्या वेळी ते इंधन उरत नाही.

टोकियोत दुःख घेऊन आलेला डग्लस एकटाच नव्हता. टायसनची आई तो सोळा वर्षांचा असताना गेली. ज्यांनी त्याला कॅटस्किलच्या घरात वाढवलं, जे त्याचे कायदेशीर पालक झाले, ते प्रशिक्षक कस डी'अमाटो ४ नोव्हेंबर १९८५ ला गेले. नवव्या दिवशी टायसन ह्यूस्टनला रिंगमध्ये होता आणि पहिल्याच राऊंडमध्ये जिंकला. वर्षभराने, २२ नोव्हेंबर १९८६ ला, वयाच्या विसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा सावरला. इथेच फसायला होतं. तो जिंकत होता कारण डी'अमाटोंची पद्धत चालू होती: दोन्ही ग्लोव्ह गालाला, कोपरं बरगड्यांना, प्रत्येक ठोशाआधी आणि नंतर डोकं हलवायचं, ठोसे आकड्यांनी पाठ. ती पद्धत चालवणारा केव्हिन रूनी हा डी'अमाटोंचाच शिष्य कॉर्नरमध्ये होता. मार्च १९८८ मध्ये मॅनेजर जिम जेकब्ज गेले. त्याच वर्षाच्या शेवटी टायसनने रूनीला काढलं. त्यानंतरच्याही दोन लढती त्याने जिंकल्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

डोकं हलवणं हे कंटाळवाणं काम आहे. छतापासून लोंबणारी छोटी पिशवी डोलवायची आणि ती लागणार नाही अशी मान, कंबर, गुडघे एकत्र हलवायचे. सगळा भार मांड्यांवर. 'अजून एक राऊंड' म्हणणारं कोणी नसलं की हा सराव पहिला सुटतो आणि बॅगवर एकेक जड ठोसा मारणं तेवढं उरतं, कारण त्याचा आवाज छान येतो. टोकियोच्या आधी स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ग्रेग पेजने टायसनला खाली पाडलं होतं. तेव्हाही त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

कॉर्नरची तर शोभाच झाली. टायसनचा डावा डोळा सुजत चालला आणि त्यांच्याकडे एन्स्वेल नाही! रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्याला लावत होते. एन्स्वेल तू पाहिलायस, दांडी असलेला, इस्त्रीसारखा सपाट पोलादी तुकडा. सुजेला गार आणि टणक दोन्ही लागतं: गारव्याने रक्तवाहिन्या आखडतात, सपाट दाबाने पापणीत पाणी साचत नाही. पाण्याची पिशवी सुजेचाच आकार घेते, दाब पडतच नाही. जगज्जेत्याच्या पेटीत ही वस्तू नसावी, यावरून त्या कॅम्पमध्ये कोण कशाची काळजी घेत होतं ते कळतं.

याच्या उलट माजी हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझर. त्याला घडवणारे यँक डरहॅम ऑगस्ट १९७३ मध्ये गेले. पण एडी फच आधीपासून डरहॅमच्या बरोबरीने काम करत होते, त्यांना फ्रेझरचा डावा हुक आणि त्याची डाव्या डोळ्याची जुनी कमजोरी दोन्ही माहीत होतं. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, चौदावा राऊंड संपला. फ्रेझरचा उजवा डोळा बंद, डाव्याने आधीच कमी दिसायचं. समोरून मुहम्मद अलीचे उजवे ठोसे येत होते ते त्याला दिसतच नव्हते. त्याला पंधरावा खेळायचाच होता. फचनी खांद्यावर हात ठेवून त्याला स्टूलवर बसवलं आणि लढत सोडली. फ्रेझरला किताब परत कधी मिळाला नाही, पण 'नाही' म्हणणारा माणूस त्याच्या कॉर्नरमध्ये होता.

हरणं हेही एक जाणंच असतं, आणि त्यात जॉर्ज फोरमनइतका वेळ कोणी घेतला नाही. १९७४ ला किन्शासात अलीकडून हरला आणि कधी रिंगचे सैल दोर, कधी औषध घातलेलं पाणी, असं कोणाकोणाला दोष देत बसला. १९७७ ला जिमी यंगकडून हरल्यावर धर्माकडे वळला आणि दहा वर्षं रिंगपासून लांब राहिला. १९८७ ला परतला तेव्हा २६७ पौंडांचा होता, लोक हसले. घाई न करता त्याने वजन उतरवलं, मूठ उघडी ठेवून ठोसे अडवायला लागला, तरुणपणीचं सगळं पहिल्या पाच राऊंडमध्ये उधळणं सोडलं. ५ नोव्हेंबर १९९४ ला मायकल मूररविरुद्ध दहाव्या राऊंडपर्यंत गुणांवर मागे होता, पण जॅब थांबवला नाही. त्याच जॅबमागून आखूड उजवा, आणि ४५ व्या वर्षी पुन्हा विजेता. चड्डी किन्शासातलीच, लाल. कॉर्नरला अँजेलो डंडी, जे किन्शासात अलीच्या कॉर्नरला होते. हे मला फार आवडतं.

आता तुझ्या मित्राचं. पहिला आठवडा स्पॅरिंग नाही. तेरा दिवस झोप मोडलेली, खाणं एकवेळचं, मान आणि मांड्या सैल पडलेल्या. ठोसा दिसतो पण डोकं उशिरा हलतं. हेडगार्डने कातडी वाचते, मेंदूचा हादरा थांबत नाही. दोरी, शॅडो (हवेतले ठोसे), पॅड एवढंच. दुसऱ्या आठवड्यात फक्त जॅबचं स्पॅरिंग, दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड, जोडीदार त्याच्याच वजनाचा. तू होऊ नकोस. तो तुझ्यापेक्षा दोन गट खाली आहे आणि तू दयेने खेळशील. तू बाहेर कागद घेऊन उभा राहा: राऊंडला किती जॅब मारले आणि त्यातले किती हनुवटीशी परत आले. तिसऱ्या राऊंडला आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला तर सरांना दाखव, त्या दिवशी बस्स. तो एकेकच ठोसा मारतोय, डावा हात खाली लोंबतोय, पाय एका रेषेत आलेत, यातलं काही दिसलं तरी तेच.

रोज सकाळी पाणी प्यायच्या आधी वजन. त्याच्या गटाला मर्यादा आहे, त्यामुळे काही बिघडलं तर काटाच ओरडेल. तुझ्या गटाला वरची मर्यादाच नाही, तुझ्यावर काटा कधी ओरडणार नाही. डग्लसचं तेच झालं. म्हणून तुझंही वहीत लिहीत जा, मी विचारणार आहे.

त्याच्या आईच्या मासिक श्राद्धाची तिथी कधी येते ते घरच्यांकडून माहीत करून घे. त्या दिवशी स्पॅरिंग ठेवू नका, असं सरांना आधीच तू सांग. तो स्वतः सांगणार नाही.

तुझी,
आई

ता. क. कॉर्नरच्या पेटीत एन्स्वेल आहे का ते आजच बघ. बर्फात ठेवलेला तुकडा लावायच्या आधी टॉवेलने कोरडा पुसायचा, नाहीतर त्याचं पाणी चेहऱ्यावरच्या व्हॅसलिनवर ओघळतं. आणि दाबून धरायचा, घासायचा नाही.