शिष्यवृत्तीधारकांच्या निवडीनंतरचीही बातमी छापावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेश शिष्यवृत्त्यांच्या निवड याद्या जाहीर झाल्या की आपल्या दैनिकाच्या पुणे आवृत्तीत यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे, त्यांना प्रवेश मिळालेल्या विद्यापीठांची नावे आणि घरच्या परिस्थितीविषयी चार ओळी आवर्जून छापल्या जातात. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीने लंडन वा म्युनिकपर्यंत मजल मारावी, ही बातमी पहिल्या पानाच्याच योग्यतेची आहे. तक्रार एवढीच, की त्या विद्यार्थ्यांविषयीची ती पहिली बातमी बहुतेक वेळा शेवटचीही ठरते. ती मुलगी तिथे काय शिकली, तिला कुठे इंटर्नशिप मिळाली किंवा का मिळाली नाही, मिळालेल्या पैशांत वर्ष निभावले का आणि शिक्षण संपल्यावर तिने काय केले, याचा पत्ता वाचकांना कधीच लागत नाही. त्यामुळे निवड म्हणजेच यश, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि, अधिक काळजीची गोष्ट म्हणजे, योजना राबवणाऱ्यांतही रुजली आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयातून अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो असून, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यास यथाशक्ती मदत करतो. या विषयावर पुण्यातूनच लिहावे असे वाटण्याचे कारण उघड आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागांचा कारभार पाहणारे समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने 75 विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी 'सारथी' आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काम करणारी 'बार्टी' याच शहरात आहेत. आणि ग्रामीण विद्यार्थ्यांची राहण्याची सोय करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती तर 1955 पासून येथे उभी आहे. परदेशी जाऊन आलेल्यांचा अनुभव एकत्र करायचा, तर याहून सोयीचे गाव राज्यात दुसरे नाही. तरीही दरवर्षी नवा विद्यार्थी तेच प्रश्न घेऊन येतो आणि त्याला पहिल्यापासून सगळे शोधावे लागते.

त्याचे पहिले प्रश्न साधेच असतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पारपत्रावर शेवटी, म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागते का? उत्पन्नाचा दाखला 31 मार्चनंतर चालेल का? सगळ्यात पेच पडतो तो शिफारसपत्राचा. परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्याच्या हाती पत्र मागत नाही. ते थेट शिक्षकाच्या संस्थात्मक ई-मेलवर दुवा पाठवते. तालुक्याच्या महाविद्यालयात वीस वर्षे जीव तोडून शिकवणाऱ्या शिक्षकाकडे अनेकदा असा संस्थेचा ई-मेल पत्ताच नसतो. मग ज्या शिक्षकाने त्या मुलाला खरोखर घडवले त्याचे पत्र बाजूला राहते आणि शहरातल्या, त्याला जेमतेम ओळखणाऱ्या विभागप्रमुखाचे गुळमुळीत पत्र अर्जाला जोडले जाते. महाविद्यालयाने आपल्या नावाचा ई-मेल प्रत्येक शिक्षकाला देणे ही फार खर्चाची बाब नाही, पण ती अडते कुठे हे त्या वाटेने गेलेल्यालाच ठाऊक असते.

यानंतर येतो पैशाचा विषय, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे, कारण निवडीच्या बातमीत 'संपूर्ण खर्च शासन करणार' या एका वाक्यात तो संपवला जातो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून सुरू आहे. तिच्या 125 जागांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. जुलै 2025 मध्ये निवड झालेल्या 106 विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला 40 जणांनाच हंगामी पत्रे देण्यात आली आणि उरलेल्या 66 जणांना 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असे कळवण्यात आले. सप्टेंबरमध्ये ज्याचे वर्ग सुरू व्हायचे आहेत, त्याने या उत्तराच्या भरवशावर व्हिसा, विमानाचे तिकीट आणि वसतिगृहाची अनामत यांची तजवीज कशी करायची? परदेशी विद्यापीठे प्रवेश निश्चित करण्यासाठी बऱ्याचदा निकालाच्या आधीच ठेव भरायला सांगतात. ती रक्कम घरातून येत नाही, हे तर शिष्यवृत्तीच्या उत्पन्नमर्यादेनेच सिद्ध केलेले असते.

भत्त्याचेही तसेच. या योजनेतील निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी वर्षानुवर्षे वार्षिक 9,900 पौंड राहिला. स्वखर्चाने येणाऱ्या विद्यार्थ्याने व्हिसासाठी दरमहा किती रक्कम दाखवावी, याचा आकडा ब्रिटिश सरकारने जानेवारी 2025 मध्ये लंडनसाठी 1,483 आणि लंडनबाहेर 1,136 पौंड असा ठरवला होता आणि ही रक्कम नऊ महिन्यांसाठी दाखवायची असते. गुणाकार केला तर लंडनबाहेर 10,224 आणि लंडनमध्ये 13,347 पौंड होतात. म्हणजे आपला बारा महिन्यांचा भत्ता त्यांच्या नऊ महिन्यांच्या किमान हिशेबालाही पुरा पडत नाही. हा हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र तो निघण्यापूर्वी कोणीतरी मांडून दाखवावा लागतो.

पैसा मध्येच संपल्याने शिक्षण खंडित होण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते दरमहा साडेअकरा पौंडांवर आणि तीन वर्षांच्या मुदतीने. पुढे लंडनमध्ये शिक्षण चालू असतानाच मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा लंडनला जायला 1920 उजाडले, आणि तेही शाहू महाराजांची मदत, मित्राकडून घेतलेली उसनवारी आणि स्वतःची शिल्लक यांची जुळवाजुळव करूनच. ज्यांच्या नावांनी आपण आज योजना चालवतो, त्यांच्या काळातल्या या अनुभवातून हप्ता वेळेवर देण्याचा धडा आपण घेतलेला दिसत नाही.

इंटर्नशिपबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीवर तिचा परिणाम सर्वांत जास्त होतो आणि चर्चा सर्वांत कमी. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात आणि नंतर नोकरीच्या मुलाखतीत 'उन्हाळ्यात काय केले' हा प्रश्न ठरलेला. पुण्यात ज्याचे घर आहे, तो हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत दोन महिने बिनपगारी राबू शकतो. ज्याला खोलीचे कॉट-बेसिसचे भाडे आणि खानावळीचा डबा यांची तोंडमिळवणी करायची आहे, तो मे महिन्यात गावी परततो. शिष्यवृत्तीचा हप्ता बहुधा शैक्षणिक वर्षापुरता असतो, सुटीपुरता नसतो. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये दरमहा 5,000 रुपयांनी सुरू झाली, तर राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शैक्षणिक पात्रतेप्रमाणे 6,000, 8,000 व 10,000 रुपये देते. परंतु दोन्ही योजना शिक्षण संपवलेल्या तरुणांसाठी आहेत, पूर्णवेळ शिकत असलेल्याला त्यांचा उपयोग नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार इंटर्नशिपला श्रेयांक तर द्यायला लागलो, पण त्या काळात विद्यार्थ्याने राहावे कुठे आणि जेवावे काय, याचे सोयरसुतक अभ्यासक्रम आखणाऱ्यांना नसावे.

याला एक बरा अपवाद आहे. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीत वार्षिक 80,000 रुपयांपैकी 20,000 रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच राखलेले असतात. आयुका, एनसीआरए, एनसीएल आणि आयसर या विज्ञान-संशोधन संस्था एकाच शहरात असल्याने पुण्यात शिकणाऱ्याला प्रकल्प शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. शिष्यवृत्तीतच सुटीतल्या कामाचा खर्च धरण्याची ही रीत सामाजिक न्यायाच्या आणि सारथीसारख्या योजनांनीही उचलावी. साहित्य, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना तर अशी सोय आजघडीला शोधूनही सापडत नाही.

परदेशातील इंटर्नशिपचे गणित वेगळे आहे आणि ते देशागणिक बदलते. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि त्याचा उन्हाळा प्रबंधात जातो. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात, म्हणजे आपला विद्यार्थी थंडीचा कोट विकत घेत असतो तेव्हा तिकडच्या मुलांचे अर्ज जाऊन पोचलेले असतात. जर्मनीत अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असल्यामुळे मध्ये सहा महिने काम करायला सवड मिळते. मात्र तेथे स्वखर्चाने जाणाऱ्याला खात्यात वर्षाला 11,904 युरो अडकवून ठेवावे लागतात, आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कचेरीतले काम जर्मनमध्ये चालते.

माझी एक विद्यार्थिनी पदविका, मग अभियांत्रिकी अशा पायऱ्या चढत जर्मनीला गेली आणि तिने तेथील एका महापालिकेच्या सांडपाणी विभागात इंटर्नशिप केली. ती सांगते, की पहिला आठवडा तिने फक्त जुने नकाशे आणि चेंबरच्या नोंदी ताडून पाहण्यात घालवला; संगणकावरचे प्रारूप तिला येत होते, पण पर्यवेक्षकाशी दूरध्वनीवर बोलायला लागणारे जर्मन येत नव्हते. संध्याकाळचे भाषावर्ग आणि सकाळची कचेरी असे तीन महिने काढल्यावर तिच्या हाती स्वतंत्र काम आले. 'तिथे कोणी कोणाला सर म्हणत नाही, पण तीनची बैठक तीनलाच सुरू होते,' हे तिचे वाक्य आता मी अर्ज भरायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवतो. निघण्यापूर्वी पुण्यातच बी-1 पातळीपर्यंत भाषा शिकून घेतली असती तर वर्षभराचा फायदा झाला असता, असे तिचे स्पष्ट मत आहे. तिच्या निवडीची बातमी आली होती. हे मत कोठेही छापून आले नाही.

परत येण्याच्या प्रश्नावर आपल्याकडे फार भावनेने बोलले जाते. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले र. पु. परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या परीक्षेत अव्वल, झाले आणि परतून फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. डॉ. जयंत नारळीकर जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, 1972 मध्ये भारतात परतले आणि 1988 मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. पण नारळीकरांच्या जाण्यात आणि परतण्यात सुमारे पंधरा वर्षांचे अंतर होते, हे विसरून आजच्या विद्यार्थ्याने पदवी हाती पडताच विमानात बसावे अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती किमान दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. ती अट आधी माहीत असते आणि तिला अर्थ आहे. आपल्याकडे जामीनपत्र लिहून घेतले जाते, पण परतणाऱ्याला कोणत्या खात्यात, कोणत्या महाविद्यालयात उपयोगी पडता येईल याचा विचार करणारी खिडकी नाही.

म्हणून आपणास आणि पुण्यातील संबंधित संस्थांना दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाने निवडीची बातमी दिलेल्या विद्यार्थ्यांकडून एका वर्षाने पुन्हा मजकूर मागवावा आणि तो गौरवपर नसून माहितीपर असावा, असा आग्रह धरावा. पहिला हप्ता कधी आला, तोवर पैसे कोठून उभे केले, घरभाडे किती, इंटर्नशिपसाठी किती ठिकाणी अर्ज गेले, एखाद्या विषयात नापास झाल्यास काय मार्ग काढला, हे सगळे त्यात यावे. नापास झाल्याचे लिहायला संकोच वाटत असेल तर नाव न छापण्याची मुभा द्यावी. दुसरी विनंती संस्थांना. शेवटचा हप्ता देताना प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाकडून चार-पाच पानांचे मराठी टिपण घ्यावे आणि ते संकेतस्थळावर, तसेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात देश व विषयवार लावून ठेवावे. मात्र टिपण आले नाही म्हणून हप्ता अडवू नये. कागदी घोडे नाचवायला आणखी एक निमित्त नको. टिपणाचा नमुना ठरवण्याचे व आलेली टिपणे तपासून लावण्याचे काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य करू. संबंधितांना त्यासाठी माझा पत्ता आपल्या कार्यालयातून द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
कोथरूड, पुणे