अक्का, तुम्ही मंगळवारी आलात

अक्का,

तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. जुलैचा मंगळवार, बेळगावात सकाळपासून मुसळधार. खानापूरच्या गाडीतून उतरतानाच मी धरून चालले होते, तुमच्या समुपदेशनाच्या खोलीला कुलूप असणार. आणि तुम्ही दारात साडीचा भिजलेला काठ पिळत उभ्या! आदल्या आठवड्यात कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलं होतं तुम्ही: 'मंगळवार, ११ वाजता. मी येतो.'

हेच शब्द मी ४ वर्षांची असताना स्टँडवर ऐकले होते. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला निघाली होती. 'उद्या येतो, बाळ.' आली ती गणपतीला. तोवर मी आजीच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक गाडीचा हॉर्न ऐकायची. ती आल्यावर मात्र आजीच्या पदरामागं लपले. 'विसरली बघ मला,' म्हणाली. विसरले नव्हते हो.

लग्नाला ७ वर्षं झाली, मी मूल नको म्हणते. एका डॉक्टरांनी 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, एक होऊ दे, माया आपोआप येते' म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. सासरच्यांनी सौंदत्तीला नवस बोलला. हळदीकुंकवाला बायका कुजबुजल्या. का नको, हे एकीनंही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. घरी कन्नड बोलणाऱ्या तुम्ही, मराठी शब्द अडला की माझ्याकडूनच मागून घ्यायचात. भाषेवरून इथं काय काय होतं ते बघतच मी मोठी झाले, म्हणून ते फार लागलं मनाला. अशी साधी, सरळ माणसं अजून आहेत.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांचं तुम्हीच सांगितलंत. १९८०च्या दशकात त्यांनी आईबापांना त्यांचंच लहानपण विचारलं. ज्यांचं कठीण गेलं, पण ज्यांना ते न लपवता, सलग सांगता आलं, त्यांची लेकरं त्यांना निर्धास्त बिलगत होती. त्या दिवशी स्टँडची गोष्ट मी पहिल्यांदा शेवटपर्यंत सांगितली. आईला तेव्हा मुकादमानं सुट्टी दिली नसेल, हेही पहिल्यांदाच सुचलं.

मूल होऊ दे, असं तुम्ही म्हणाला नाहीत. नको, असंही नाही. अजून ठरलेलं नाही. आजवरचं 'नको' त्या उंबऱ्यावरच्या पोरीचं होतं. आता नवऱ्याशी बोलून मी ठरवीन.

ते पान बांगड्यांच्या डब्यात आहे. बुधवारी कुंदा घेऊन येतो, अक्का. ११ वाजता.