शेजारच्या तात्यांना, खिम्याच्या नूडल्ससाठी

तात्यानू,
सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे गोरेगावला गेलात त्याला तीन आठवडे झाले. एसटी स्टँडवर तुमची पिशवी वर चढवताना चार शब्द बोलायचे असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण घसा भरून आला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पावस येता, घराक जा." मी घरी आलो आणि तेव्हापासून ते चार शब्द माझ्या छातीत अडकून बसलेत. म्हणून हे पत्र. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. आपल्या मालवणातल्या लोकांनीही ते वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हिला गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात दाखल केलं, हे तुम्हाला माहीत आहेच. एकेचाळीस दिवस ती तिथे होती. सासूबाई तिच्या उशाशी, मी इकडे लेकीजवळ. शनिवारी कुडाळहून गाडी पकडायची, रविवारी रात्री परत. बाकीचे दिवस मी, सात वर्षांची पोर आणि ते स्वयंपाकघर. मला चहा आणि मऊ भात एवढंच येत होतं.

पोर आईच्या हातचं माशाचं कालवण आणि भात खाणारी. दुसरं काही तिच्या घशाखाली उतरत नाही. आणि नेमकी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्याला ओढलेले, मासळीबाजारात ओटे रिकामे. खाडीतलं थोडंफार यायचं, ते मी दुकान उघडून पोचेपर्यंत संपलेलं असायचं. सुका बांगडा भाजायला घेतला की वासाने ती पडवीत जाऊन बसायची. दहा-बारा दिवस ती बिस्किटं आणि दूध यांवर होती. शाळेचा स्कर्ट कमरेत इतका सैल झाला की मी रोज सकाळी त्याला सेफ्टी पिन लावत होतो. ती पिन लावताना माझे हात कापायचे.

नातेवाईक मला कमी नाहीत, तात्या. एकांनी "पोरीला आमच्याकडे पाठव" म्हणून सांगितलं आणि मी तिची बॅग भरल्यावर "घरात पाहुणे आलेत" म्हणून फोन केला. एका बाईंनी अर्धा तास मला डाळीला फोडणी कशी द्यायची ते फोनवर समजावलं. त्यांचं घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ती फोडणी द्यायला त्या आल्या नाहीत. डब्यासाठी महिन्याचे पैसे आगाऊ भरले होते. आठ दिवस डबा आला, मग पावसाचं कारण सांगून बंद झाला. पैसे अजून परत नाहीत. "पुरुषाच्या हाताक खय चव असता" हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. हे सगळं लिहिताना मला राग येतोय आणि तो मी लपवत नाही.

त्या संध्याकाळी माझा भात करपला आणि धूर आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे तुमच्या अंगणात आला. तुम्ही हाक मारलीत, "काय जळता रे?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता तुम्ही दारात उभे. डोक्यावर खोळ, हातात खाटकाकडून चांगला बारीक करून आणलेला अर्धा किलो खिमा, नूडल्सची दोन पाकिटं, सोया सॉसची बाटली, पातीचा कांदा.

तुम्ही बोटीवर भंडारी होतात हे गावाला ठाऊक आहे. (बाहेरच्यांसाठी सांगतो, इथे हा शब्द जातीचा नाही. बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात.) पण तुम्ही तिकडे काय रांधत होतात हे आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. बोट हलली तरी टोप घसरू नयेत म्हणून शेगडीला लोखंडी कठडे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दर्या खवळला की चार पदार्थ करत बसता येत नाही, एकाच कढईत वीस मिनिटांत जेवण उरकावं लागतं. म्हणून खिमा आणि नूडल्स. कोरियाच्या बुसान बंदरात एका स्वयंपाक्याकडून तुम्ही सोया सॉस, लसूण, साखर आणि तिळाच्या तेलाचं ते गणित शिकलात. तिकडचे लोक पातळ कापलेल्या मांसाला ही चव देतात, त्याला बुलगोगी म्हणतात, आणि घाईत तीच चव खिम्यालाही देता येते. "तकडे बीफचो खिमो आसायचो, हय बोकडाचो घेव," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यांचं तेल भाजलेल्या तिळांचं, काळसर आणि वासाचं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही, म्हणून तुम्ही तव्यावर मूठभर तीळ भाजून खलबत्त्यात कुटायला लावलेत. साखरेऐवजी गूळ घातलात. गाडीवरचं लालभडक चायनीज खाऊन वाढलेल्या माणसाला हे निराळंच होतं.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या दिवशी उलथणं माझ्या हातात होतं, कारण तुम्ही ते घेतलंच नाही. मी घाबरून खिमा सारखा हलवत राहिलो. त्याला पाणी सुटलं, तो त्या पाण्यातच शिजला आणि राखाडी झाला. लसूण आधी टाकल्यामुळे जळून कडू झाली होती. नूडल्स उकळत्या पाण्यात विसरलो, त्यांचा गोळा झाला. ताटात वाढल्यावर पोरीने ताटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ताट उचलून मोरीकडे निघालो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तुम्ही पाहिलंत.

तुम्ही माझ्या हातातलं ताट काढून घेतलंत आणि पाटावर बसलात. एक घास घेतलात, नीट चावलात. मग दुसरा. आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणालात, "मीठ बराबर पडलाहा."

तात्या, त्या महिन्याभरात मला प्रत्येकाने काय चुकलं तेच सांगितलं होतं. भात कच्चा, डाळ पातळ, पोर वाळली, केस नीट विंचरले नाहीत. सगळं खरंच होतं. पण त्या फसलेल्या ताटात बरोबर काय आहे ते शोधणारे तुम्ही एकटे. आणि ते खोटं नव्हतं. सोया सॉस मुळातच खारट, म्हणून मीठ शेवटी चाखून घालायचं हे तुम्ही सांगितलं होतं आणि तेवढं एक मी ऐकलं होतं. तुम्ही ते ताट पुसून खाल्लंत, जळलेल्या लसणीसकट. पोर तुमच्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे केला. चार घास खाल्ले तिने. मी मोजले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकटीत उभे राहिलात, हात पाठीमागे बांधून. "हलव नको, ऱ्हवांदे." मी थांबलो. खिम्याचं पाणी आटलं, तेल सुटलं, कडा तपकिरी झाल्या आणि आमच्या घरात त्या पावसाळ्यात पहिल्यांदा भूक लागावी असा वास सुटला. मग आलं-लसूण, मग सॉस आणि गूळ, शेवटी नूडल्स. पोरीसाठी तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला. तिने ती वाटी संपवली आणि वाटी पुढे केली.

त्यानंतर तुम्ही नऊ संध्याकाळ आलात. एकदाही उलथणं हातात घेतलं नाहीत. मला आता कळतं की तुम्ही स्वतः रांधून वाढलं असतंत तर आम्ही एक दिवस चांगलं जेवलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच. मदत करणारे पुष्कळ पाहिले. बहुतेकांना मदत करताना स्वतःला बघायचं असतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या अडचणीच्या दिवसांत, चौकटीच्या आत पाय न टाकता उभं राहणं याला फार मोठं मन लागतं. आपल्या गावात अशी माणसं आहेत, गडग्याला गडगा लागून राहतात, आणि आपण त्यांना पन्नास वर्षांत एक प्रश्न विचारत नाही. मलाही त्याची लाज वाटते.

ही घरी आली ती आषाढात. अजून अशक्त आहे, पथ्य आहे. आल्यावर चौथ्या दिवशी हट्टाने उठून तिने पेज केली. उभं राहवेना, लक्ष राहिलं नाही, पेज तळाला लागली. घरभर तो वास. ती ओट्याला टेकून रडायला लागली, म्हणाली, माझ्याकडून आता काहीच होत नाही. मी काही बोलायच्या आत पोरीने वाटी ओढली, घोट घेतला, नीट चघळल्यासारखं केलं, अगदी तुमच्यासारखं. आणि म्हणाली, "आई, मीठ बराबर पडलाहा."

सध्या श्रावण आहे, खिमा बंद. तुमच्या तुळशीला पाणी घालतोय, ओसरीची कौलं दोन सरकली होती ती बसवून घेतली. सोया सॉसची बाटली अर्धी शिल्लक आहे. पोर रोज विचारते. चतुर्थीक येतलात मा?

तुमचा,
गडग्याअलीकडचा