पौंडातली फी भरण्याआधी

चोपडा

चि. स्नेहलला अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर रडलीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. एमएफडीएसच्या, म्हणजे त्या ब्रिटिश कॉलेजांच्या दातांच्या मेंबरशिप परीक्षेच्या, दुसऱ्या भागाची फी भरू की नको, असं तू विचारलंस. दातांतलं मला तुझ्याइतकं कळत नाही. पण अठ्ठावीस वर्षं उपकेंद्रात सिस्टर म्हणून काढली, पेशंटसमोर बसणं मला कळतं.

आधी एक गोष्ट पक्की कर. ही मेंबरशिप मिळाली म्हणजे इंग्लंडात खुर्ची मिळाली असं नाही. ती देणारं एडिंबरोचं कॉलेज 1505 चं, ग्लासगोचं 1599 चं. त्यांची अक्षरं नावापुढे लागली की मान मिळतो, बीडीएसनंतरही अभ्यास चालू ठेवलास हे दिसतं. पण तिथे प्रॅक्टिस करायला जनरल डेंटल कौन्सिलची नोंदणी लागते, आणि इथून जाणाऱ्यांना त्यासाठी ओआरई किंवा एलडीएस ही परीक्षा वेगळी द्यावी लागते. इथेही त्या मेंबरशिपला एमडीएसच्या, म्हणजे बीडीएसनंतरच्या आपल्या पदवीच्या, जागी धरू नकोस. "मेंबरशिप काढा, पुढचं आपोआप होतं" असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांचा मला फार राग आला. हे सगळं माहीत असूनही तुला ती द्यायची असेल तर दे. आप्पांनी केळीच्या विक्रीतून पैसे बाजूला ठेवलेत, कर्ज मात्र काढायचं नाही.

आता तू जिथे अडतेस तिथे येते. पहिला लेखी भाग तू पहिल्याच फटक्यात काढलास. दुसरा ऑस्कीचा, म्हणजे प्रात्यक्षिकाचा. घंटा वाजली की पुढच्या स्टेशनला जायचं, ठरलेल्या मिनिटांत काम संपवायचं. मैत्रिणींबरोबर सराव करताना खोट्या पेशंटला तू बायोप्सी म्हणजे काय ते घडाघडा सांगितलंस. त्याने "मला कॅन्सर आहे का?" विचारलं आणि तू गप्प झालीस. बेटा, ते पुस्तकात सापडणार नाही.

उपकेंद्रात एक पोरगा यायचा, रिक्षा चालवायचा. खोकल्याचं औषध मागायला आला होता. जाता जाता म्हणाला, "सिस्टर, शेवभाजी आता खाववत नाही, तोंडाची आग होते." आपल्या खानदेशात वाढलेला माणूस तिखट सोसत नाही म्हणतो तेव्हा कान टवकारायचे. त्याला तोंड उघडायला लावलं. त्याचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत, दोनच गेली. गालाच्या आत बोट फिरवलं तर चामड्यासारखं कडक, पांढरट. सुपारीने तोंडाचं अस्तर असंच आवळत जातं, पुढे त्यातच कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर आपल्याकडे 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या त्याच्या खिशातच होत्या.

त्यानेही हेच विचारलं, "कॅन्सर आहे का?" मी लगेच काही बोलले नाही. आधी पाणी दिलं, स्टूल जवळ ओढलं. मग म्हटलं, आज मला माहीत नाही, म्हणूनच तुकडा काढून तपासायचा, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात मी सोबत येते. तो रडला. मी बसून राहिले. घाई केली असती तर तो परत आलाच नसता.

तू अहिराणीत "काय दुखस?" एवढं विचारलंस की म्हाताऱ्या बायका सगळं घरदार सांगत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इंग्रजीत तू पेशंटकडे बघतच नाहीस, वाक्य जुळवत बसतेस. नव्या नोट्स कशाला विकत घेतेस?

शनिवारी ये. दात बघायचा आरसा आणि तोंड किती उघडतं ते मोजायची पट्टी बरोबर आण. शेजारच्या पोऱ्याच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जातात, आणि माझं तो ऐकत नाही. त्याच्याशी अहिराणीत बोल. रात्री जेवणं झाली की तेच सगळं मला इंग्रजीत सांग, मी पेशंट होऊन बसते. कळण्याची भाकरी आणि भरीत करून ठेवते.

तुझी
आई