बाई, हे आभार चारचौघांत मानायचे आहेत

आदरणीय बाई,

सा. न.

गोव्यातल्या आमच्या खाजनातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या, पाण्याची क्षारता मोजायला प्रयोगशाळेतल्या कंडक्टिव्हिटी मीटरऐवजी (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) खिशात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो ते बघणारा) चालेल का, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं. कुणी म्हणे टी-टेस्ट लावा, म्हणजे दोन्हींच्या सरासऱ्या ताडून पाहा; कुणी म्हणे कोरिलेशन काढा, म्हणजे दोन्हींचे आकडे सोबत वर-खाली जातात का ते पाहा. तुम्ही कुठल्याच चाचणीचं नाव न घेता विचारलंत, "किती फरक पडला तर मानशीची दारं उघडण्याचा निर्णय चुकेल?" (मानस म्हणजे बांधातली, पाणी आत-बाहेर सोडणारी झडप.) आमचं सगळं काम त्या एका प्रश्नाने मार्गी लागलं.

पावसाळ्यात मांडवी नदीचं पाणी जवळजवळ गोडं, मे महिन्यात मुखाकडे समुद्रासारखं, म्हणजे हजारी 35 च्या आसपास खारं. एवढ्या रुंद पट्ट्यात कोरिलेशन भक्कम येणारच. एक उपकरण कायम दुप्पट दाखवत असलं तरीही येईल. टी-टेस्ट फक्त सरासरी बघते. निम्म्या नमुन्यांत जास्त नि निम्म्यांत कमी दाखवणारं उपकरण तिच्या हातून सहज सुटतं. म्हणून तुम्ही ब्लँड आणि ऑल्टमन यांची 1986 सालची पद्धत समजावलीत: दोन उपकरणांतल्या फरकांची सरासरी काढा, तिच्या दोन्ही बाजूंना 1.96 प्रमाण विचलन (फरक किती विखुरलेत त्याचं माप) घ्या आणि ती मर्यादा आपल्याला परवडते का ते पाहा.

पण खरा कस लागला तो प्रत्येक बाटलीची दोन्ही उपकरणांवर तीन-तीन रीडिंगं घेण्यात. दरवेळी काच पुसून नवे थेंब टाकायला लावलेत, आधीचा आकडा दिसू नये म्हणून वहीवर हात ठेवलात. एका बाटलीची तीन रीडिंगं म्हणजे तीन नमुने नव्हेत, हे तेव्हाच पटलं. शिवाय त्या तिन्हींच्या सरासऱ्यांचे फरक घेतले की मर्यादा आयत्याच अरुंद होतात, आणि बांधावर तर माणूस एकदाच बघणार! म्हणून दोन्ही उपकरणांच्या स्वतःच्या चढउताराच्या व्हेरियन्सचे (प्रमाण विचलनाच्या वर्गाचे) दोन तृतीयांश फरकांच्या व्हेरियन्समध्ये मिळवायचे, हे तुम्ही कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलंत. तो कागद आता आमच्या फायलीत पहिलाच आहे.

कोळंबीच्या तळ्यांवर रिफ्रॅक्टोमीटर वापरायचा आणि भातासाठी मीटरच ठेवायचा, असं ठरलं. आमच्या रिफ्रॅक्टोमीटरची एकेक रेघ हजारी एकाची, आणि कमी खाऱ्या पाण्यात भाताचं नशीब तेवढ्यावरच ठरतं.

तुम्ही भर उन्हात आलात, मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत. मनापासून आभार, बाई. पुढच्या हंगामाची रीडिंगं घेऊन येतो.

आपला,
खाजनावरचा एक विद्यार्थी