ताई, त्या चिठ्ठीबद्दल आभार

सोलापूरच्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

आईंच्या नेत्रदानासोबत तुम्ही दिलेली चिठ्ठी जपून ठेवली आहे. 'निधन पहाटे ४.१०. पंखा ४.२० ला बंद. पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. लहानपणापासून रातआंधळेपणा, रेटिनायटिस पिगमेंटोसा.' मे महिन्यातलं सोलापूर, घरात दुःख, आणि तरी तुम्हाला हे सुचलं!

कॉर्निया काढल्यावर मागे उरलेलं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा, आमच्याकडे येतं. दिसण्यासाठी लागणारं अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, पाण्यात विरघळत नाही. त्याला वाहून न्यायला प्रथिन लागतं. उजेड टिपणाऱ्या दंडपेशी-शंकुपेशी आणि त्यांच्यामागचा रंगद्रव्याचा थर यांच्यामधल्या जागेत हे काम आयआरबीपी नावाचं प्रथिन करतं, पेशींच्या आत वेगळी, लहान प्रथिनं. मंद लाल उजेडात, बर्फावर, थंड सलाइनने दृष्टिपटल हलकेच धुतलं की आयआरबीपी धुवणात उतरतं, आणि ते किती रेटिनॉल धरतं हे आम्ही मोजतो. उशीर झाला तर पेशी फुटतात आणि आतली प्रथिनंही त्यात मिसळतात. रक्त उतरलं तर त्यातलं अल्ब्युमिनही रेटिनॉल धरतं आणि आकडा खोटाच फुगतो. डोकं उंच ठेवल्याने रक्त कमी साकळतं, म्हणून ती एक उशीसुद्धा मोलाची.

मग धुवणात किरणोत्सारी रेटिनॉल घालतो. शेजारच्या नळीत तेच, शिवाय शंभरपट साधं रेटिनॉल, जे प्रथिनावरच्या ठरलेल्या जागा अडवतं. दोन्हींतला फरक म्हणजे खरी बांधणी.

रेटिनायटिस पिगमेंटोसात, म्हणजे दृष्टिपटलातल्या पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या या आनुवंशिक आजारात, ही बांधणी कमी भरते. पण आयआरबीपी दंडपेशी-शंकुपेशीच बनवतात. त्यामुळे प्रथिन बिघडलंय की बनवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्याच डोळ्याच्या मध्यभागाचे आणि कडेकडचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून उरलेल्या पेशी मोजाव्याच लागतात. आजार कधीपासून होता, हे तुम्ही लिहिलंत म्हणून कुठे शोधायचं ते ठरलं.

तुम्ही विचारलं होतंत, "गाजर, शेवगा रोज द्यायचे, तरी आईला का दिसेना?" जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला रातआंधळेपणा ते मिळालं की बरा होतो. इथे जीवनसत्त्व पोचत होतं, ते वापरणाऱ्या पेशीच संपत होत्या. तुमच्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं, ताई.

भावंडांनी मात्र मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतलं जीवनसत्त्व यकृतात साठतं, आणि दृष्टिपटलाच्या स्टारगार्टसारख्या आनुवंशिक आजारात ते अपाय करू शकतात. आधी सगळ्यांचं दृष्टिपटल तपासून घ्या.

आपले कृतज्ञ,
दृष्टिपटलावर काम करणारे आम्ही सर्व